साबण शिकायला फैजपूरकडे गेले त्याचा रिव्ह्यू, आणि त्याआधी मागवलेल्या ऑनलाइन किटचा पण

आधी किटचं सांगते, कारण सुरुवात तिथून झाली. आमच्या धाकटीला, ती सहा वर्षांची आहे, कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्याच्या मागे कोरडे खरबरीत चट्टे येतात. थंडीत तर इतकं की रात्री झोपेत पण खाजवत असते आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. डॉक्टरांनी एक्झिमा सांगितला. कोमट पाण्याने आंघोळ, तीही पाच-दहा मिनिटांच्या वर नाही, अंग टॉवेलने टिपायचं घासायचं नाही, आणि ओल्या अंगावरच लगेच मॉइश्चरायझर. आणि वासाचा साबण बंद. त्यात आमचं भुसावळचं बोअरचं पाणी, क्षाराचं, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो आणि साबण लावला की फेस कमी आणि चिकट साय जास्त. म्हणून मला वाटलं घरीच काहीतरी साधं, सौम्य करू, निदान आत काय घातलंय ते मला माहीत असेल.

तर ऑनलाइन एक किट मागवलं, ८९९ रुपयांना. कंपनीचं नाव इथे टाकत नाही. वर लिहिलेलं १०० टक्के नॅचरल, केमिकल फ्री. आत काय, तर अर्धा किलो पांढरा बेस, एक सिलिकॉनचा साचा, कडुनिंबाची पावडर, हळद, वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि सेंटच्या दोन बाटल्या. बेसचे तुकडे करायचे, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचे, त्यात पावडर घालायची आणि साच्यात ओतायचं, तासाभरात साबण तयार. मुलांना घेऊन सुट्टीत करायला मस्त आहे, ते मी नाकारत नाही. पण हे साबण बनवणं नाही, दुसऱ्याने बनवलेला साबण वितळवणं आहे. नंतर बेसच्या पुड्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली तर त्यात सोडियम लॉरेथ सल्फेट पण होतं, म्हणजे शाम्पूत फेसासाठी घालतात तेच. गुलाबपाकळ्या आठवड्यात काळपट पडल्या. आणि सेंट मी फक्त चार थेंब घातला होता तरी धाकटीच्या मानेवर लाली आली, दोन दिवस राहिली. माझ्याकडून त्या किटला एक स्टार, तोही साच्याला, साचा अजून वापरते.

आता खरा रिव्ह्यू.

माझ्या नणंदेने सांगितलं की फैजपूरच्या पुढे एका खेड्यात बचत गटाच्या ताई महिन्यातून एकदा साबणाचा वर्ग घेतात, एक दिवसाचा, ७०० रुपये, जेवणासकट. फैजपूर म्हणजे तेच, जिथे १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. गावाचं नाव आणि नंबर इथे देत नाहीये कारण ताईंनीच सांगितलं की एका बॅचला आठच बायका घेतो, जास्त झाल्या तर लक्ष राहत नाही आणि कॉस्टिकशी, म्हणजे ज्याने तेलाचा साबण होतो त्या जळजळीत रसायनाशी, खेळ नको. भुसावळहून सकाळची एसटी पकडली, तापीचा पूल ओलांडला की दोन्हीकडे केळीच्या बागा सुरू होतात आणि हवा पण जरा गार लागते.

वर्ग ताईंच्या घराच्या ओट्यावर, वर पत्रा आणि तिन्ही बाजू मोकळ्या. मला आधी वाटलं जागा नाही म्हणून बाहेर बसवलं असेल, पण मुद्दाम बाहेर. कॉस्टिक पाण्यात पडला की जी वाफ येते ती घशात बसते, त्यासाठी मोकळी हवा पाहिजे. पहिला एक तास तर साबणाला हात पण लावू दिला नाही, फक्त काय करायचं नाही ते सांगितलं. एक बाई घरून जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन आली होती, ताईंनी ते उचलून सरळ घरात नेऊन ठेवलं. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो, त्यातून हायड्रोजन वायू निघतो, भांडं पण जातं आणि धोका वेगळा. स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं वापरायचं. आणि नेहमी पाण्यात कॉस्टिक टाकायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, कारण ते उसळून अंगावर येतं. अंगावर उडालंच तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसायचं नाही, नळाखाली धरायचं आणि निदान पंधरा-वीस मिनिटं पाणी चालू ठेवायचं, मग दवाखाना.

हे सगळं त्या इतक्या शांतपणे सांगत होत्या, जसं एखादी सासू नव्या सुनेला पहिल्यांदा तळणाची कढई हातात देताना सांगते तसं. घाबरवलं नाही आणि हलक्यातही घेतलं नाही. या एका तासासाठीच मी ५ स्टार देईन.

मग गणित. मला हे कुठल्याच व्हिडिओत नीट कळलं नव्हतं. व्हिडिओत सगळ्या एक वाटी तेल, अर्धी वाटी हे, दोन चमचे ते, असं सांगतात. पण प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळा लागतो. एक किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला १३६ च्या आसपास, एरंडेलाला १२८. म्हणजे खोबरेलाच्या मापाने तुम्ही एरंडेलाचा साबण केला तर ५५ ग्रॅम कॉस्टिक तसाच उरेल साबणात, आणि तो अंगाला लावला तर जळजळ होणारच. म्हणून वाटी-चमचा नाही, वजनकाटा. पाणी पण काट्यावर. आणि कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, चांगल्या शुद्धतेचा, पुड्यावर टक्का लिहिलेला. संडास-मोरी तुंबल्यावर टाकायची पावडर नाही, आणि धुण्याचा सोडा किंवा खायचा सोडा तर अजिबातच नाही, त्याने असा साबण होतच नाही.

आता सौम्यपणा कुठून येतो ते. जेवढं तेल आहे त्या सगळ्याला पुरेल त्यापेक्षा कॉस्टिक मुद्दाम कमी घालायचा, पाच ते आठ टक्के. म्हणजे कॉस्टिक पूर्ण संपतो आणि थोडं तेल साबण न होता तसंच मोकळं राहतं, ते अंगाला लागतं. ताई याला म्हणतात तेल राखणे, सुपरफॅट हा शब्द मी नंतर शिकले. आणि दुसरं, तेल आणि कॉस्टिक मिळून नुसता साबण होत नाही, ग्लिसरीन पण तयार होतं, ते घरच्या साबणात तसंच राहतं. मोठ्या कारखान्यांत ते बहुतेक वेळा वेगळं काढून घेतात.

मी मग तो प्रश्न विचारला ज्यासाठी मी गेले होते. ताई, हळद कडुनिंब कोरफड यातलं सगळ्यात जास्त काय घालायचं, त्वचेला गार वाटायला? त्या म्हणाल्या, साबण अंगावर राहतो किती वेळ? अर्धा मिनिट. हळद मोरीत वाहून जाते बाई. आधी साबण चांगला कर, मग वरून काय घालायचं ते बघू.

मला हे ऐकून आधी वाईट वाटलं, कारण मी घरून डबाभर कडुनिंबाची पावडर नेली होती. पण आता चार महिने वापरून सांगते, त्या बरोबर होत्या. चामडी शांत राहते ती काट्यामुळे, राखलेल्या तेलामुळे, आणि वाट बघितल्यामुळे. वरचं सगळं नंतर.

तरी वरच्याबद्दल पण सांगते, कारण सगळ्यांना तेच वाचायचं असतं. हळदीचं जे झालं ते मी डोळ्याने बघितलं नसतं तर खरं वाटलं नसतं. ताईंनी वाटीत थोडं घोळलेलं मिश्रण घेतलं, दाट ताकासारखं पांढरट, त्यात चिमूटभर हळद टाकली आणि चमचा फिरवला. पिवळं व्हायला पाहिजे ना, तर ते आमच्या समोर लाल झालं, विटेसारखं. आठच्या आठ बायका पुढे वाकल्या. मग एक आजी होत्या आमच्यात, सत्तरीच्या असतील, त्या म्हणाल्या, अगं हे तर कुंकू! आणि खरंच तेच आहे, हळदीला चुना लावला की कुंकू होतं, इथे चुन्याच्या जागी कॉस्टिक. हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो तो पण याच कारणाने. पुढे साबण मुरत गेला तसा रंग उतरून मातकट केशरी झाला. म्हणजे कुणी तुम्हाला लख्ख पिवळाधमक हळदीचा साबण विकत असेल तर त्यात वेगळा रंग आहे का ते विचारा.

कोरफड ताईंच्या कुंपणालाच होती. पान कापून लगेच नाही वापरायचं, उभं ठेवून पिवळा चीक गळू द्यायचा, तो चीक कातडीला खाजरा असतो. मग आतला गर पाण्याचा काही भाग म्हणून घालायचा. गरात थोडी साखर असते त्याने मिश्रण जास्त तापतं, म्हणून कमीच. केळं पण तसंच, आमच्यातल्या एकीने केळ्याचा आग्रह धरला, जळगाव जिल्ह्यात बसून केळं नाही घालायचं म्हणजे काय, तर ताईंनी तिला एक लहान वडी करू दिली, ती गरम होऊन मधोमध फुगली आणि तडकली. दुधाचं पण सांगितलं, बकरीचं दूध बर्फ करून घालायचं, नाहीतर कॉस्टिकने करपून नारिंगी होतं आणि अमोनियासारखा वास मारतो.

ओट्सबद्दल मात्र त्या वेगळं बोलल्या. बिनसाखरेचे साधे ओट्स मिक्सरला एकदम पिठासारखे दळायचे, पाण्यात टाकले तर पाणी दुधाळ व्हायला पाहिजे इतके बारीक, आणि अर्ध्या किलो तेलाला एक मोठा चमचा. जाड राहिले तर लहान मुलाला टोचतात. बारीक दळलेल्या ओट्सला अमेरिकेच्या एफडीएने २००३ मध्ये त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली आहे, हे मला आमच्या डॉक्टरांकडून कळलं, आणि मी आता साबणात तर घालतेच, पण फडक्यात बांधून बादलीत पण सोडते, त्याचा धाकटीला साबणापेक्षा जास्त आराम पडतो.

आम्ही जी बॅच केली तिचं माप देते. खोबरेल ३५० ग्रॅम, घाण्याचं शेंगदाणा तेल ५०० ग्रॅम, कोकम बटर १०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. कॉस्टिक १४१ ग्रॅम, हे सात टक्के तेल राखून. पाणी २८२ ग्रॅम, डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो ते, आपलं क्षाराचं पाणी इथे नको. खोबरेल फेसासाठी, आणि जड पाण्यात पण खोबरेलाचा साबण बऱ्यापैकी फेस देतो म्हणून आपल्याकडे ते पाहिजेच, पण जास्त झालं तर अंग कोरडं करतं. कोकम बटर वडी कडक व्हायला. एक तेल जरी बदललं तरी कॉस्टिक परत मोजायचा, साबणाचे कॅल्क्युलेटर मोबाइलवर फुकट मिळतात, माझ्या पण आकडेमोडीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, स्वतः टाकून बघा.

पाण्यात कॉस्टिक गेल्यावर ते इतकं तापतं की भांड्याला हात लागत नाही. आम्ही नोव्हेंबरात होतो तरी गार व्हायला तास लागला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला असतो तेव्हा ताई भांडं बर्फाच्या परातीत ठेवतात. तेवढ्या वेळात जेवण. बामणोदच्या वांग्याचं भरीत, काड्यांवर भाजलेलं, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कांद्याची पात. साबणाच्या रिव्ह्यूत जेवणाचं काय असं कुणी म्हणेल, पण ७०० रुपयांत हे पण होतं म्हणून लिहिलं, आणि भरीत अप्रतिम होतं.

मग तेलात कॉस्टिकचं पाणी ओतून ब्लेंडर. आणि इथे लाइट गेली. ताईंकडे हाताची रवी होती, पण आठ जणींच्या आठ बॅचला एक रवी, आळीपाळीने घुसळत बसलो, दीड तास गेला, शेवटच्या दोघींना घाईत ओतावं लागलं. ब्लेंडरने पाच मिनिटांत होतं. इन्व्हर्टर नसेल तर वर्ग सकाळी लवकर तरी घ्यावा. मी घाई करत होते कारण शेवटची एसटी, तर ताई म्हणाल्या, घाई कसाले करस व पोरी, साबन काय पयी जास का? म्हणजे घाई कशाला करतेस, साबण काय पळून जातोय का. त्यांचं माहेर अमळनेरकडचं, एरवी आमच्याशी मराठीत बोलत होत्या पण अशा वेळी अहिराणी येते तोंडात. मिश्रणावर रवी उचलून थेंब पाडला आणि तो लगेच बुडाला नाही, वर रेघ राहिली, की झालं, ओता.

बाकीच्या तक्रारी पण सांगते. कॉस्टिक डोळ्यात उडू नये म्हणून घालायचे चष्मे तीनच होते आठ जणींत, बाकीच्या लांब उभ्या. हे चालणार नाही, फी शंभर रुपये वाढवा पण प्रत्येकीला चष्मा द्या, मी त्यांना तोंडावर पण सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. जो कागद देतात त्यावर मापं आहेत पण तेल राखायचं गणित कसं केलं ते नाही, जी बोलण्याकडे लक्ष देणार नाही तिला घरी गेल्यावर काहीच येणार नाही. आणि वास घालण्याबद्दल त्या जरा सैल आहेत, लव्हेंडर, टी-ट्री अशी वासाची तेलं अंदाजाने ओततात, या तेलांची पण कित्येकांना ॲलर्जी असते, मी धाकटीच्या साबणात कसलाच वास घालत नाही.

घरी आणलेला साचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडला, १४ वड्या कापल्या, हातमोजे घालूनच, कारण तेव्हा तो अजून तिखट असतो. एका वडीचं वजन १०१ ग्रॅम. बांबूच्या टोपलीत सुती धोतराचा तुकडा पसरून त्यावर अंतर ठेवून मांडल्या, कपाटाच्या वर, उन्हात नाही. रोज एकदा उलटायच्या. सासूबाई आठव्या दिवशीच म्हणाल्या आता लावून बघू दे, मी नाही दिलं. सहा आठवडे. दर रविवारी मी तीच वडी काट्यावर ठेवायचे, ९७, ९४, ९२, आणि सहाव्या रविवारी ८९ भरली. पाणी उडून जातं, वडी कडक होते आणि अंगाला मऊ लागते. ओली वापरली तर चार दिवसांत मोरीत विरघळते.

सहा आठवड्यांनी आधी मी स्वतः माझ्या हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघितलं, मग सासूबाई, मग धाकटीच्या पायाला एका छोट्या जागी, मग अंगाला. फेस बाजारच्या साबणासारखा डोंगर नाही, बारीक सायीसारखा आहे. अंग पुसल्यावर ओढल्यासारखं वाटत नाही, सासूबाईंच्या नडग्यांवर थंडीत पांढऱ्या रेघा पडायच्या त्या या वर्षी बऱ्याच कमी. मिस्टर रेल्वेत आहेत, त्यांच्या ग्रीसच्या हातांना मात्र हा पुरत नाही, त्यांचा वेगळा साबण आहे.

धाकटीचं खरं सांगते. एक्झिमा बरा झाला नाही. घरचा असो की बाजारचा, खऱ्या साबणाचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) नऊ-दहाच्या आसपास असतो आणि चामडीचा पाचच्या जवळ, तेल राखलं म्हणून तो फरक मिटत नाही. चट्टे लाल असतात त्या दिवसांत डॉक्टरांनी दिलेला बिनसाबणाचा बारच वापरते आणि औषध चालूच आहे. पण चांगल्या दिवसांत हा साबण तिला चालतो, खाज उठत नाही, लाली येत नाही, आणि माझ्यासाठी ते खूप आहे, कारण याआधी तिला चालला असा एकही साबण घरात आला नव्हता. कुणी तुम्हाला साबणाने एक्झिमा, सोरायसिस जातो असं सांगून विकत असेल तर घेऊ नका, अगदी ताईंसारखी चांगली बाई असली तरी. ताई तसं म्हणत नाहीत, ते पण लिहिते.

ज्यांना शिकून विकायचं डोक्यात आहे त्यांच्यासाठी, साबण हा कायद्याने कॉस्मेटिकमध्ये येतो, बनवून विकायला लायसन्स लागतं, कॉस्मेटिक्स रूल्स २०२० मध्ये आहे. ताईंनी हे वर्गात पहिल्यांदाच सांगितलं, नाहीतर बऱ्याच ठिकाणी महिन्याला अमुक कमवा एवढंच सांगतात.

वर्गाला माझ्याकडून पाचपैकी चार. एक चष्म्यांचा कापला. जाणाऱ्यांनी स्वतःचा डोळे झाकणारा संरक्षक चष्मा, जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना ड्रेस आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घेऊन जा, ओढणी घरी ठेवा. आणि परतीची एसटी शेवटची धरू नका.

आता माझी दुसरी बॅच टोपलीत आहे. शेंगदाण्याचं निम्मं तेल कमी करून मोहाच्या बियांचं तेल घातलंय, नंदुरबारहून भावाने आणून दिलं, अक्कलकुव्याकडचं. थंडीत तुपासारखं थिजतं, त्यामुळे वडी या वेळी दुसऱ्या दिवशीच चांगली कडक निघाली. वास जरा उग्र आहे, तो मुरल्यावर जातो का ते बघायचंय. चौथा रविवार झाला, १०० ची ९१ भरली.